मोडीत काढलेले घोडे

कॅलिफोर्नियातल्या कार्मेल या गावात २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात एका संध्याकाळी एक तांबडी मोटार लिलावाला आली. मोटार बावन्न वर्षांची. आत दोघांपुरतीच जागा, वातानुकूलन नाही, रेडिओ नाही, आणि इंजिनाचा आवाज असा की शेजारी बसलेल्याशी बोलायचे तर ओरडावे लागावे. बॉनहॅम्स या लिलाव संस्थेच्या माणसाने हातोडा आपटला तेव्हा बोली ३ कोटी ४६ लाख ५० हजार डॉलरपर्यंत चढली होती. घेणाऱ्याने संस्थेला द्यायची दलाली त्यात मिळवली, तर मोटार ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलरला पडली. त्या वेळच्या भावाने सव्वादोनशे कोटी रुपयांहून अधिक. लिलावात विकल्या गेलेल्या कुठल्याही मोटारीला तोवर एवढी किंमत आलेली नव्हती.

जुन्या मोटारींचे लिलाव हा अमेरिकेत आता घरबसल्या बघण्याचा खेळ झाला आहे. अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल, फ्लोरिडातील किसिमी अशा ठिकाणचे मोठे लिलाव नव्वदीच्या दशकापासून दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले आणि आपल्याकडे लोक क्रिकेटचा सामना बघतात तसे तिकडचे लोक चहा-कॉफीचे कप घेऊन त्यांच्यासमोर बसू लागले. मोटार मंचावर येते. सांगाड्यावरचा क्रमांक कोणता, इंजिन मूळचेच आहे की मागाहून बसवलेले, ती कुठल्या शर्यतींत धावली, कोणी चालवली, हे निवेदक सांगतो. पुकारणारा जवळजवळ गाण्याच्या लयीत आकडे म्हणत सुटतो, टेलिफोनवरून परदेशातला कोणी तरी बोली वाढवतो आणि दोन-चार मिनिटांत सगळे आटोपते. बऱ्याचदा विकणाऱ्याने एक किमान किंमत ठरवून ती संस्थेच्या कानात सांगितलेली असते. बोली तिथवर गेली नाही तर मोटार आल्या पावली परत. अमेरिकी बनावटीच्या मोटारी या लिलावांत ढिगाने असतात. पण युरोपातली शर्यतीची मोटार आली, आणि त्यातही तिच्या नाकावर पिवळ्या ढालीवरचा काळा उधळलेला घोडा असला, म्हणजे सभागृह सावरून बसते.

कार्मेलच्या मोटारीवर तो घोडा होता. तिचे नाव फेरारी २५० जीटीओ. आंरी ओरेये नावाचा एक फ्रेंच खेळाडू होता. बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतीत त्याने १९४८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली आणि पुढे तो मोटारींच्या शर्यतीकडे वळला. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या माँलेरी येथे याच मोटारीत त्याला मरण आले. मोटार दुरुस्त झाली, दुसऱ्याला विकली गेली, मग तिसऱ्याला. १९६५ मध्ये इटलीतल्या एका हौशी माणसाने ती जुन्या गाडीच्या भावाने घेतली आणि २०१० मध्ये मरेपर्यंत हातची जाऊ दिली नाही.

अशी माया ज्यांनी या मोटारी बनवल्या त्यांच्याजवळ मात्र नव्हती. आपल्याकडे घरातली पहिली फियाट विकायची वेळ आली की आई तिच्या बॉनेटवरून हात फिरवते आणि वडील उगाचच काचा पुसत बसतात. एन्झो फेरारी यांना हा प्रकार समजलाच नसता. शर्यतींचा हंगाम संपला की मोटार जुनी झाली. गिऱ्हाईक असेल तर ती विकायची, नसेल तर तोडून तिचे भाग पुढच्या मोटारीला लावायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. आज ज्यांच्यावर कोट्यवधींची बोली लागते त्या बहुतेक मोटारी म्हणजे या माणसाने पैशासाठी हातावेगळ्या केलेल्या वस्तू आहेत. हा माणूस जुने काहीच जपत नव्हता का? एक गोष्ट तो जपत होता, पण ती मोटार नव्हती.

एन्झो यांचा जन्म १८९८ च्या फेब्रुवारीत उत्तर इटलीतल्या मोडेना या गावी झाला. मराठी कानाला हे नाव ऐकून हसू येते, आणि पुढचे नव्वद वर्षांचे आयुष्य पाहिले तर ते या माणसाला शोभलेही. आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले ते २००२ मध्ये. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून त्याला फेरारी मोटार भेट मिळाली आणि मायकेल शूमाकरने सिल्व्हरस्टोनला ती त्याच्या हवाली केली. पुढच्या वर्षी तिच्या सीमाशुल्कावरून बराच गदारोळ झाला. त्या मोटारीचे नाव ३६० मोडेना.

वडील आल्फ्रेदो यांचा लोखंडकामाचा छोटा कारखाना राहत्या घराला लागूनच होता. रेल्वेची कामे मिळत. थोरल्या भावाचे नावही आल्फ्रेदोच. घरात त्याला दिनो म्हणत. धाकट्या एन्झोला अभ्यासाचा कंटाळा. ऑपेरात गायचे, क्रीडा वार्ताहर व्हायचे की मोटारी पळवायच्या, अशी तीन स्वप्ने तो आलटून पालटून बघे. दहा वर्षांचा असताना वडिलांनी दोघा भावांना बोलोन्याला मोटारींची शर्यत दाखवायला नेले. फेलिचे नाझ्झारो ती शर्यत जिंकला आणि तिसरे स्वप्न बाकीच्या दोहोंच्या पुढे गेले.

१९१६ मध्ये न्यूमोनियाने वडील गेले. त्याच वर्षी थोरला भाऊही गेला. कारखाना बंद पडला. एन्झोला सैन्यात बोलावणे आले आणि मोटारींचे स्वप्न पाहणाऱ्या या मुलाला डोंगरी तोफखान्यातल्या खेचरांना नाल ठोकण्याच्या कामावर नेमले गेले. तिथे तो इतका आजारी पडला की मरणाच्या दारातून परत आला असेच म्हणायचे. युद्ध संपल्यावर, १९१८-१९ च्या हिवाळ्यात, वरिष्ठांचे शिफारसपत्र खिशात घालून तो तुरीनला फियाट कंपनीत नोकरी मागायला गेला. युद्धावरून परतलेले असे पुष्कळ होते; सगळ्यांना नोकरी देणे शक्य नव्हते. नकार मिळाला. खिशात पैसे नाहीत, ओळखीचे कोणी नाही. बाहेर कडाक्याची थंडी. व्हॅलेंतिनो उद्यानातल्या एका बाकावर बसून तो एकटाच रडला. हा बाक पुन्हा येणार आहे.

युद्धातून उरलेल्या ट्रकांच्या सांगाड्यांवर मोटारी तयार करून विकण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. तसल्या एका ठिकाणी एन्झोला काम मिळाले. मग मिलानमध्ये मोटारी चालवून पारखण्याचे काम, आणि १९२० मध्ये आल्फा रोमिओ. शर्यती तो चांगल्याच धावला. सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ या अवघड शर्यतीत त्या वर्षी दुसरा आला. पण पहिल्या दर्जाचा चालक होण्यासाठी जी बेफिकिरी लागते ती आपल्यात नाही, हे बहुधा त्याला फार लवकर कळले असावे. यंत्राची त्याला कीव येई. त्याची खरी बुद्धी होती माणसे हेरण्याची आणि ती ओढून आणण्याची. विट्टोरिओ यानो हा फियाटचा हुशार अभियंता १९२३ मध्ये आल्फा रोमिओकडे आला, तो एन्झोनेच वळवलेला. फियाटने नोकरी नाकारल्याला तेव्हा पुरती पाच वर्षेही झाली नव्हती.

त्याच १९२३ साली राव्हेन्नाजवळची एक शर्यत त्याने जिंकली. तिथे त्याची काउंट बाराक्का यांच्याशी ओळख झाली. त्यांचा मुलगा फ्रान्चेस्को हा इटलीचा नामवंत लढाऊ वैमानिक १९१८ मध्ये युद्धात मारला गेला होता आणि त्याच्या विमानावर उधळलेल्या काळ्या घोड्याचे चित्र असे. मुलाचा घोडा तू तुझ्या मोटारीवर लाव, तो तुला लाभेल, असे त्या वैमानिकाच्या आईने एन्झोला सुचवले. घोडा त्याने काळाच ठेवला. मागे पिवळा रंग दिला, तो मोडेना गावाचा. मोटारीवर हे चिन्ह १९३२ मध्ये लागले. म्हणजे या घोड्याचे मूळ एका मेलेल्या मुलाच्या आठवणीत आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

१९२९ च्या नोव्हेंबरमध्ये फेरारी यांनी स्कुदेरिया फेरारी हा संघ काढला. स्कुदेरिया म्हणजे तबेला. कल्पना मोठी व्यवहारी होती. शर्यतीत भाग घेण्याची हौस असलेले धनिक पुष्कळ होते. पण मोटार सज्ज ठेवणे, ती शर्यतीच्या गावी नेणे, मोडली तर दुरुस्त करणे हा त्रास कोणाला नको होता. तो सगळा त्रास फेरारी यांनी पैसे घेऊन आपल्या अंगावर घेतला. मोटारी आल्फा रोमिओच्या. टायरवाले, तेलवाले, पेट्रोलवाले यांच्याकडून निराळी रक्कम. शर्यत भरवणाऱ्यांकडून हजेरीचे मानधन निराळे. ताझिओ नुवोलारीसारखा अलौकिक चालक या तबेल्यात होता. १९३५ मध्ये जर्मनीत, जर्मनांच्याच नूर्बुर्गरिंगवर, त्यांच्या बलाढ्य मोटारींना त्याने एका जुनाट आल्फावर हरवले. ती हकिकत एका लेखाचा विषय आहे. इथे ती आवरती घेतो.

१९३२ च्या जानेवारीत फेरारी यांना मुलगा झाला. पत्नी लॉरा. मुलाचे नाव आजोबांचे आणि गेलेल्या काकांचे, आल्फ्रेदो. घरचे नाव पुन्हा दिनो. त्यानंतर फेरारी शर्यतीत स्वतः उतरले नाहीत. दुसऱ्यांची मुले उतरत राहिली.

आल्फा रोमिओशी त्यांचे १९३९ मध्ये फाटले. चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही, या अटीवर ते बाहेर पडले. युद्धात यंत्रे बनवून कारखाना तगवला, १९४३ मध्ये तो मोडेनाजवळच्या मारानेल्लो या खेड्यात हलवला; तिथे दोनदा बाँब पडले. युद्ध संपले आणि १२ मार्च १९४७ रोजी फेरारी नावाची पहिली मोटार, १२५ एस, कारखान्याच्या फाटकातून बाहेर आली. बारा सिलिंडरचे इंजिन आणि प्रत्येक सिलिंडर १२५ घनसेंटिमीटरचा, म्हणून १२५. कार्मेलच्या मोटारीचे २५० हे नावही याच हिशेबातले: बारा गुणिले अडीचशे, म्हणजे तीन लिटर. पहिल्या शर्यतीत ती मध्येच बंद पडली. दोन आठवड्यांनी रोमला जिंकली. आणि ऑक्टोबरमध्ये फेरारीची मोटार जिंकली ती तुरीनला, त्याच व्हॅलेंतिनो उद्यानात. शर्यत संपल्यावर फेरारी तोच बाक शोधत गेले आणि त्यावर जाऊन बसले. वडील नव्हते, भाऊ नव्हता. या खेपेलाही ते रडले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

त्या पहिल्या मोटारींचे काय झाले? त्या मोडून त्यांचे भाग पुढच्या मोटारींत गेले. १९६१ मध्ये फिल हिलला जगज्जेतेपद मिळवून देणारी, नाकपुड्यांमुळे शार्क माशासारखी दिसणारी १५६ ही मोटार तर एकही शिल्लक ठेवली गेली नाही; सगळ्या भंगारात गेल्या. ती एखादी असती तर स्कॉट्सडेलच्या पडद्यावर तिने काय केले असते, याची कल्पनाच करावी.

रस्त्यावर चालवायच्या मोटारी फेरारी विकत, पण त्या कशासाठी, हे ते लपवत नसत. बाकीचे कारखानदार गाड्या खपाव्यात म्हणून शर्यती लढवत. फेरारी शर्यतींचा खर्च भागावा म्हणून गाड्या विकत. बेल्जियमचे राजे लिओपोल्ड, इराणचे शहा, चित्रपट दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी असे एकाहून एक गिऱ्हाईक मारानेल्लोला दारात येई आणि त्यातल्या पुष्कळांना बाहेरच्या खोलीत ताटकळत बसावे लागे. ताटकळलेले गिऱ्हाईक जास्त पैसे देते, हे या गृहस्थांना आपल्या पेठेतल्या दुकानदारांइतकेच चांगले ठाऊक होते! डोळ्यांवर काळा चष्मा, हातात जांभळ्या शाईचे पेन. परदेश प्रवास जवळपास नाही. पुढे पुढे तर शर्यतीलाही जात नसत. फार तर मोन्झाला सरावाच्या दिवशी. शर्यत ते घरी दूरचित्रवाणीवर बघत.

का जात नसत? याची अनेक कारणे त्यांनी निरनिराळ्या लोकांना सांगितली. पण पन्नाशीच्या दशकातली त्यांची वर्षे पाहिली की वेगळे कारण शोधायची गरज उरत नाही.

दिनो लहानपणापासून अशक्त होता. स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार त्याला होता आणि त्यावर औषध नव्हते. बापाला हे पटेना. इंजिनात बिघाड झाला तर त्याचे कारण सापडलेच पाहिजे, अशा विचाराने जगलेला हा माणूस. त्यांनी एक वही घातली. मुलाने आज काय खाल्ले, त्यातून किती उष्मांक मिळाले, तपासणीत काय आले, हे सारे तीत रोज लिहायचे, आलेख काढायचे. इंजिनाची चाचणी घ्यावी तशी ही वही चालली होती. दिनो अभियांत्रिकी शिकला होता, कारखान्यात येत असे. अंथरुणाला खिळल्यावर तो नव्या सहा सिलिंडरच्या इंजिनाबद्दल तासन् तास चर्चा करी, आणि उशाशी बसून ती चर्चा करणारा अभियंता होता विट्टोरिओ यानो, एन्झोने तेहतीस वर्षांपूर्वी फियाटमधून ओढून आणलेला, आता म्हातारा झालेला. शेवटी एके दिवशी फेरारी यांनी त्या वहीत सामना हरल्याची नोंद केली आणि वही मिटली. ३० जून १९५६ रोजी दिनो गेला. वय २४.

त्यानंतर मोडेनाच्या सान काताल्दो दफनभूमीत जाणे हा फेरारी यांचा रोज सकाळचा नेम झाला. मग न्हाव्याकडे, मग कारखान्यात. कारखान्यातल्या खोलीत दिनोची तसबीर असे. सहा सिलिंडरच्या त्या इंजिनाला मुलाचे नाव दिले गेले आणि पुढे त्या नावाची एक देखणी, छोटी मोटारही निघाली. तिच्यावर फेरारी हे नाव घातलेले नव्हते, नुसते दिनो. ही मोटारही आज लिलावांत नेहमी दिसते. बोली लावणाऱ्यांपैकी किती जणांना या नावामागची वही ठाऊक असेल कोण जाणे.

मुलाला जाऊन वर्ष व्हायच्या आत दुसरा आघात झाला. मिले मिलिया ही इटलीतली हजार मैलांची शर्यत उघड्या रस्त्यांवरून, गावागावांतून जात असे आणि लोक मुलाबाळांसह रस्त्याच्या कडेला उभे राहून ती बघत. १२ मे १९५७ रोजी गुइदिझ्झोलो गावाजवळ फेरारीच्या मोटारीचा टायर फुटला. चालक आल्फोन्सो दे पोर्तागो आणि त्याचा जोडीदार एडमंड नेल्सन दोघे जागच्या जागी गेले. त्यांच्याबरोबर कडेला उभे असलेले नऊ जण गेले, त्यांत पाच मुले होती. मिले मिलिया त्या दिवशी कायमची संपली. टायर त्या वेगाला योग्य नव्हते, या आरोपावरून फेरारी यांच्यावर मनुष्यवधाचा खटला झाला. १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. मध्यंतरी त्यांचे चालक एकामागून एक जात होते. कास्तेलोत्ती १९५७ मध्ये, मुस्सो आणि कॉलिन्स १९५८ मध्ये एका महिन्याच्या अंतराने, फॉन ट्रिप्स १९६१ मध्ये मोन्झाला, आणि त्याच्यासह पंधरा प्रेक्षक. स्वतःच्या पोरांना खाणाऱ्या सॅटर्न देवाशी व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्यांची तुलना केली.

फेरारी यांचा यात दोष किती? न्यायालयाने त्यांना मोकळे केले आणि त्या काळी शर्यतीत मरण सगळ्याच संघांच्या वाट्याला येत होते, हे खरे. पण आपल्या चालकांना एकमेकांविरुद्ध झुंजवत ठेवण्यात, कोणालाच आपली जागा पक्की वाटू न देण्यात ते तरबेज होते, हेही खरे. न्यायाधीशासमोर ही बाब येण्याचे कारण नव्हते. आपल्यासमोर ती आहे. गुइदिझ्झोलोच्या त्याच शर्यतीत फॉन ट्रिप्सने दुसरी आणलेली फेरारी २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात ३ कोटी २० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. मोटारीच्या वंशावळीत ती शर्यत अर्थातच दाखवलेली होती. शर्यतीमुळेच तर किंमत.

या सगळ्यात एक गोष्ट मोडेनात कुजबुजीने बोलली जाई. १९४५ मध्ये लीना लार्दी या बाईंपासून फेरारी यांना आणखी एक मुलगा झाला होता, पिएरो. इटलीत तेव्हा घटस्फोट नव्हता; तो कायदा आला १९७० च्या अखेरीस. पिएरो आईच्या नावाने वाढला. मोठा झाल्यावर बापाच्या कारखान्यात कामाला लागला, तोही आईच्याच नावाने. मेलेल्या मुलाच्या कबरीवर बाप रोज उघडपणे जाई. जिवंत मुलाला उघडपणे मुलगा म्हणायची मात्र सोय नव्हती. १९७८ मध्ये लॉरा वारल्या, तेव्हा कुठे पिएरोला फेरारी हे नाव मिळाले. तो तेहतीस वर्षांचा झाला होता. लॉराबाईंच्या बाजूनेही कोणी तरी लिहायला हवे. पैसा नसताना या माणसाबरोबर त्यांनी दिवस काढले, एकुलता मुलगा गमावला, आणि इतिहासात त्यांची नोंद राहिली ती कारखान्यात ढवळाढवळ करणारी बाई म्हणून. १९६१ मध्ये फेरारी यांचे सात-आठ बडे अधिकारी एकदम बाहेर पडले, त्यामागे हे एक कारण होते.

ही माणसे गेली तेव्हा एक मोटार अर्धवट राहिली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या माउरो फोर्गिएरी या अभियंत्याने ती पुरी केली. तीच ही २५० जीटीओ. नियमाप्रमाणे अशा मोटारी शंभर बनवायला हव्या होत्या. ही नवी मोटार नसून जुन्याच मोटारीला नवे अंग चढवले आहे, असे फेरारी यांनी अधिकाऱ्यांच्या गळी उतरवले आणि छत्तीसच बनवल्या. अमेरिकेत तेव्हा तिची किंमत १८ हजार डॉलरच्या घरात होती. दोन-तीन वर्षांत ती शर्यतीसाठी जुनी झाली. टेक्सासमधल्या एका शाळेला तर एक जीटीओ दान मिळाली होती. मुले मोटार दुरुस्ती शिकायला ती वापरत. शाळेने १९७२ मध्ये ती साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली आणि नंतर ती ओहायोतल्या एका शेतात ट्रेलरवर उन्हापावसात वर्षानुवर्षे पडून होती. तिच्याच एका बहिणीला २०१८ मध्ये मॉन्टेरेला ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला आणखी एक ५ कोटी १७ लाखांना गेली.

हा सगळा पैसा फेरारी यांच्या पश्चात आला. त्यांच्या हयातीत कारखाना कायम ओढगस्तीत. १९६३ मध्ये तो अमेरिकेच्या फोर्ड कंपनीला विकण्याचे जवळजवळ ठरले होते. पण शर्यतीच्या खर्चाला फोर्डची परवानगी लागेल, हे कलम करारात वाचले आणि ते उठून गेले. १९६९ मध्ये निम्मा हिस्सा अखेर विकला तो कोणाला? फियाटला. आपल्याकडे काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे घराघरांत पोचलेली तीच फियाट. पन्नास वर्षांपूर्वी त्यांना बाकावर बसवणारीही तीच. रस्त्यावरच्या मोटारी फियाटने बघाव्यात, शर्यतीचा संघ मात्र मरेपर्यंत माझ्या हाती, ही अट त्यांनी घातली आणि ती पाळली गेली.

१९८८ च्या जूनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे मारानेल्लोला आले, तेव्हा फेरारी इतके खंगले होते की भेटायला जाऊ शकले नाहीत. दोघांचे टेलिफोनवरून बोलणे झाले. १४ ऑगस्टला ते वारले. दुसऱ्या दिवशी इटलीत सुट्टी, सारा देश समुद्रावर गेलेला. मोजक्या घरच्यांनी त्यांना सान काताल्दोत वडिलांच्या आणि दिनोच्या जवळ ठेवले आणि मगच जगाला बातमी दिली. चारच आठवड्यांनी मोन्झाला फेरारी पहिली आणि दुसरी आली. त्या वर्षीच्या सोळा शर्यतींपैकी मॅक्लारेनला न मिळालेली ती एकच. कंपनीतला त्यांचा दहा टक्के हिस्सा पिएरोकडे आला.

जुन्या फेरारींचे भाव आधीच चढत होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर भडकले, नव्वदीच्या सुरुवातीला कोसळले आणि पुन्हा वर आले. ओरेयेची ती तांबडी मोटार कार्मेलला विकली गेली त्या दिवशीची तारीखही १४ ऑगस्टच होती. फेरारी यांना जाऊन तेव्हा बरोबर २६ वर्षे झाली होती.